जादा पैसे कर्जात भरताय? हप्ता कमी करावा की मुदत?

बोनस मिळाला, एखादी ठेव सुटली, की घरात विषय निघतो: कर्जात थोडे भरून टाकू. विचार चांगलाच आहे. पण पैसे भरताना एक गोष्ट ठरवावी लागते आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. या पैशांनी हप्ता कमी करायचा की मुदत?

आकडेच मांडू. 10 लाखांचं कर्ज, व्याज 9 टक्के, मुदत 20 वर्षं. हप्ता येतो साधारण 8,997. पहिल्या हप्त्यातले 7,500 व्याजात जातात, मुद्दलात जेमतेम दीड हजार. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरले, तरी 5 लाख 40 हजारांच्या आसपास खिशातून जातात आणि मुद्दल फिटतं अवघं 1 लाख 13 हजार. कुठल्या हप्त्यात किती व्याज आणि किती मुद्दल जातं हे दाखवणारं बँकेचं वेळापत्रक मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बेरीज दोनदा करून पाहिली होती.

आता या टप्प्यावर 1 लाख एकरकमी भरले असं धरा.

हप्ता कमी करून घेतलात तर तो 7,983 वर येतो. दरमहा हजारभर सुटतात, उरलेली 15 वर्षं मात्र तशीच राहतात. एकूण व्याज वाचतं साधारण 82 हजार.

हप्ता तोच ठेवून मुदत कमी केलीत, तर कर्ज 37 महिने आधी फिटतं आणि व्याज वाचतं सुमारे 2 लाख 34 हजार.

एवढा फरक का, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण निर्णय त्यावरच आहे. मुदत कमी करताना तुम्ही ते सुटणारे हजार दर महिन्याला मुद्दलातच घालत राहता. म्हणजे हप्ता कमी करून घेऊन तेच हजार तुम्ही न चुकता कर्जात परत भरलेत, तर हिशोब तिथेच येऊन पोचतो. प्रश्न आहे तो भरले जाण्याचा. मोकळे सुटलेले हजार घरखर्चात कधी विरून जातात ते कळतही नाही. म्हणून ज्यांचं महिन्याचं गणित नीट बसलेलं आहे, त्यांनी मुदतच कमी करावी असं माझं स्पष्ट मत आहे. निवृत्तीनंतरही हप्ते चालू राहणार असतील तर दुसरा विचारच नको.

पण काही घरांना हप्ता कमी करणंच योग्य. दोघांपैकी एकाची नोकरी सुटण्याची शक्यता आहे, बाळ येणार आहे, घरात कुणाचं औषधपाणी सुरू झालंय, महिनाअखेर ओढाताण होते. अशा वेळी व्याज जास्त जाईल, पण हप्ता चुकणार नाही. त्यात कमीपणा मानू नका. मधे जादा रक्कम भरायला बँक शुल्क घेत नसेल, तर अशांनी हप्ता कमी करून घ्यावा आणि ज्या महिन्यात जमेल त्या महिन्यात जादा भरावं. अडचणीच्या महिन्यात तेवढी मोकळीक राहते.

क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर हे सगळं बाजूला ठेवा, आधी ती फेडा.

आणि एक, सगळे पैसे कर्जात ओतू नका. कर्जात गेलेला पैसा पुढच्या महिन्यात दवाखान्यासाठी सहसा परत काढता येत नाही. निदान सहा महिन्यांचा खर्च, त्यात हप्ताही धरून, वेगळा ठेवा आणि वर उरेल तेवढंच भरा.

पैसे भरताना अर्जावर स्वतःच्या हाताने लिहा: 'हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी', किंवा उलट. मी पहिल्या वेळी काहीच लिहिलं नव्हतं. हप्ता आपोआप कमी झाला आणि ते माझ्या लक्षात आलं चार महिन्यांनी, खात्यातून कमी रक्कम गेलेली दिसली तेव्हा. आता पैसे भरले की नवं वेळापत्रक मागून घेते आणि त्यात दोन गोष्टी बघते: उरलेलं मुद्दल आणि शेवटच्या हप्त्याची तारीख. व्याजदर बदलता असेल तर वर्षातून एकदा हे वेळापत्रक पुन्हा मागवावं, कारण दर वाढला की बरेचदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली जाते.