केसांतून निघाले ११ किडे, खिशातून गेले ३७,३०० रुपये

बी.एस्सी. झालोय मी, म्हणून हे लिहायची जास्तच लाज वाटते.

बायकोच्या दंडातली गाठ मार्चमध्ये काढली. बायोप्सीचा रिपोर्ट आला, 'सिस्टिसर्कोसिस असावा'. म्हणजे डुकराच्या टेपवर्मची अळी. घरात चार पिढ्यांची माळ, अंडंसुद्धा शिजत नाही, आणि हे! (त्याची अंडी बाधित माणसाच्या विष्ठेतून पसरतात, न धुतलेल्या कोथिंबिरीतूनही पोटात जातात, हे नंतर कळलं. तेव्हा डोक्यात फक्त नातेवाईक.) त्या 'असावा'नेच घात केला. मोबाइलवर जाहिरात दिसली: डीएनए तपासणी, ९९ टक्के अचूक, नमुना घरी येऊन नेणार, १४,८०० रुपये.

टाय लावलेला पोरगा आला. गाठीचा तुकडा असलेला मेणाचा ब्लॉक मी दवाखान्यातून मागून आणला होता, तो त्याच्यापुढे ठेवला. "काका, त्याची गरज नाही," म्हणाला आणि बायकोचे कानामागचे पाच-सहा केस कापून पाकिटात घातले. तिथेच हाकलायला हवा होता! अशी डीएनए तपासणी होते ती पीसीआरने, म्हणजे जंतूच्या डीएनएचा तुकडा हुडकून त्याच्या लाखो प्रती काढायच्या. अळी दंडात, मग तिचा डीएनए केसात कुठून येणार? कळत होतं हो. पण ही समोर रडवेली बसलेली. मी चहा टाकायला उठलो.

रिपोर्टात ११ परजीवी. त्यात लोआ लोआ! तो आफ्रिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या जंगलात माशी चावून होतो. आमची ही कराड सोडून गेली ती पंढरपूरपर्यंतच. तरी 'शुद्धीकरण किट'चे २२,५०० भरलेच, एका माणसाच्या खासगी यूपीआयवर. तुम्ही तिथेच थांबा.

पोलीस ठाण्यात दोन तास बसवून विचारलं, "पैसे तुम्हीच पाठवलेत ना?" सायबरवाले म्हणाले, हे आरोग्य खात्याचं. आरोग्य खातं म्हणालं, लॅब आमच्या जिल्ह्यात नाही. मग कुठे आहे? ते शोधायचं काम माझं! तीन अर्ज दिले, पोच एकाचीच, तीही भांडून. एका साहेबांनी तर रिपोर्ट चाळून मलाच विचारलं, "मग आता किडे गेले का?"

'एनएबीएल' (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यता दाखवली तर मान्यतेच्या यादीत नेमकी तीच चाचणी आहे का बघा. काढलेली गाठ टिकवायला फॉर्मलिन या द्रवात ठेवतात, त्यात डीएनए तुटतो. खरंच पीसीआर लागणार असेल तर ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना विचारा, ताजा तुकडा वेगळा ठेवता येतो.

शेवटी तोच ब्लॉक दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे नेला. त्यांनी आणखी खोलवर काप घेतले. अळीचं डोकं, त्यावरचे हुकासारखे आकडे, सगळं मायक्रोस्कोपखाली दिसलं. डीएनए लागलाच नाही. बिल ६०० रुपये.