दोन अ‍ॅक्सिसच्या सीएनसी लेथला कॅम सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं? दीड वर्ष फ्युजन वापरून झाल्यावर

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. दोन सीएनसी लेथ, दोन्हीवर फानुक झिरो आय-टीएफ कंट्रोल, आठ स्टेशनचा टरेट, म्हणजे आठ टूल धरणारं फिरतं डोकं. काम म्हणजे फाउंड्रीतनं येणारं कास्टिंग आणि थोडं बारचं. इतकी वर्षं सगळे प्रोग्रॅम हातानंच लिहायचो, साध्या स्टेप टर्निंगला आजही हातानंच लिहितो. जाडे कट मारणाऱ्या जी७१ सायकलच्या दोन ओळी, खाली प्रोफाइल, शेवटी जी७० नं फिनिश, त्याला सॉफ्टवेअरची गरजच नाही. अडायचं कुठं, तर टेपर रेडियसला टँजंट भिडतो तिथं. मग कॅड उघडा, एक एक एक्स (डायमीटर) आणि झेड (लांबी) वहीत उतरवा, आणि एखादा आकडा चुकला की फिनिशला रेघ उठलीच समजा.

म्हणून कॅम, म्हणजे ड्रॉइंगवरनं मशीनचा प्रोग्रॅम काढून देणारं सॉफ्टवेअर, बघायला लागलो. पहिलं जे ट्रायलला घेतलं त्याचं नाव लिहीत नाही. स्क्रीनवर सगळं मस्त दिसत होतं, पोस्ट प्रोसेसर, म्हणजे टूलपाथचं आपल्या कंट्रोलच्या कोडमध्ये रूपांतर करणारी फाइल, त्यांनीच दिला. १८० मिलिमीटरचं बिडाचं कव्हर, फेसिंग सेंटरपर्यंत, जी९६ एस२०० म्हणजे कटिंग स्पीड कायम मिनिटाला २०० मीटर. बाहेरच्या कडेला आरपीएम होतात साधारण ३५४, आणि टूल २० डायमीटरवर आलं की तेच होतात ३१८० च्या वर. अशा वेळी वर कमाल आरपीएम बांधणारी जी५० ची ओळ पाहिजेच पाहिजे, नाहीतर स्पिंडल मशीनच्या कमाल स्पीडपर्यंत चढतच जातं, आणि त्या पोस्टमधनं ती ओळच येत नव्हती. कास्टिंग एका बाजूला जड, तीन जॉमध्ये धरलेलं, अख्खं मशीन थरथरायला लागलं. सेटर शेजारीच उभा होता, त्यानं लगेच रिसेट मारलं म्हणून निभावलं. फोन केला तर उत्तर मिळालं की ती ओळ दर वेळी हातानं टाका. मी ते सॉफ्टवेअर त्याच दिवशी काढून टाकलं.

त्यानंतर ऑटोडेस्कचं फ्युजन घेतलं, पैसे भरून. हे मुद्दाम लिहितोय कारण आमच्याकडं बरेच जण फुकटच्या पर्सनल लायसनवर जॉबवर्क करायला बघतात. ते लायसन धंद्यासाठी नाहीच, शिवाय २०२० पासून त्यात रॅपिडच्या (न कापता वेगानं सरकण्याच्या) जागी कापायचा फीडच निघतो आणि एका प्रोग्रॅममध्ये टूल चेंज मिळत नाही. लेथवर चार-पाच टूल लागतात, तिथं ते घेऊन करणार काय?

फ्युजनमध्ये मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे पोस्ट उघडा आहे. जावास्क्रिप्टची फाइल असते, वाचता येते, बदलता येते. आम्ही होमला जाताना आधी यू (एक्सची चाल) आणि मग डब्ल्यू (झेडची चाल) असं करून घेतलं, आणि प्रत्येक टूलच्या वर कंसात इन्सर्टचं, म्हणजे टूलवरच्या कापणाऱ्या तुकड्याचं, नाव. कमाल आरपीएमचा रकाना टूलच्या पानावरच आहे, तिथं भरलं की जी५० आपोआप येतो.

माझ्या मते लेथच्या कॅमची खरी परीक्षा हीच, की निघालेला प्रोग्रॅम मशीनवरच्या माणसाला वाचता आला पाहिजे. थ्रेडिंगचंच बघा. एम२० बाय १.५ चा थ्रेड, तयार सायकल वापरायची टिक नाही केली तर प्रत्येक पासला वेगळी जी३२ ची ओळ, कट कमी करायचा म्हटलं तर ऑपरेटरनं हात कुठं घालायचा? टिक केली की थ्रेडिंग सायकल जी७६ च्या दोन ओळी येतात, एक्स१८.१६, खोली पी९२०, पहिला कट क्यू२५० (पी, क्यू मायक्रॉनमध्ये). इन्सर्ट चिपायला लागलं की तो क्यू कमी करतो आणि पुढं जातो, ऑफिसमध्ये कुणाला बोलवायला लागत नाही. रफिंगलाही तसंच, जी७१ निघाला तर डेप्थ एका जागी बदलते.

दुसरी गोष्ट नोज रेडियसची, म्हणजे इन्सर्टच्या टोकाच्या गोलाईची, हिच्यावर आमचा माल रिजेक्ट झालाय. त्या गोलाईची भरपाई, म्हणजे कॉम्पेन्सेशन, 'इन कंप्युटर' ठेवलं की सॉफ्टवेअर ०.८ चा नोज धरून पाथ काढतं. रात्रपाळीत ०८ चं इन्सर्ट संपलं म्हणून ०४ चं लावलं, डायमीटर बरोबर, फेस बरोबर, पण टेपर सरकला आणि गेज लावून बघितलं तर तो ठरलेल्या जागी बसत नव्हता. तेव्हापासनं फिनिशिंगला 'इन कंट्रोल' ठेवतो, प्रोग्रॅममध्ये ही भरपाई कंट्रोलला करायला लावणारा जी४२ येतो आणि ऑपरेटर ऑफसेटच्या पानावर आर (नोज रेडियस) बदलतो.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. अपडेट आपोआप येतात, म्हणून प्रत्येक अपडेटनंतर मी एक जुना जॉब परत पोस्ट करून ओळीला ओळ लावून बघतो. नेट लागतं. आणि साध्या सिम्युलेशनला टरेटच्या बाजूच्या स्टेशनवरचा बोरिंग बार दिसत नाही, तो चकला लागेल का ते ड्राय रनला, म्हणजे माल न कापता मशीन चालवून बघतानाच कळतं.

मास्टरकॅम या दुसऱ्या कॅम सॉफ्टवेअरचा डेमो पण घेतला होता. लेथला कॅन्ड रफ, कॅन्ड फिनिश अशी तयार सायकल काढणारी वेगळी ऑपरेशन्सच आहेत, लाइव्ह टूल (टरेटवर स्वतः फिरणारं टूल) आणि सी अ‍ॅक्सिस (स्पिंडल हव्या त्या कोनात फिरवणं) असेल तर मी नक्की तिकडं बघेन, पण आमच्या दोन अ‍ॅक्सिसला तो खर्च झेपणारा नाही. आणि काही घ्यायच्या आधी आपल्या कंट्रोलवर मॅन्युअल गाइड आय, म्हणजे मशीनवरच प्रोग्रॅम बनवायची फानुकची सोय, चालू आहे का तेवढं बघा, निम्मं काम तिथंच होतं.

डेमोला त्यांचा सँपल जॉब बघत बसू नका. स्वतःचं सगळ्यात अवघड ड्रॉइंग न्या, तिथल्या तिथं पोस्ट करायला लावा आणि प्रिंट काढून ऑपरेटरच्या हातात द्या. आमच्यानं फ्युजनचा पहिला प्रिंट घेतला, बाकी काही न बघता बोट खाली नेत जी५० वर थांबवलं, आणि मग पुढचं वाचायला सुरुवात केली.