अर्धी भरून दाखवलेली फिशटँक

जुनी फिशटँक विकणारा माणूस टाकी अर्धी भरून ठेवतो आणि म्हणतो, "बघा साहेब, एक थेंब गळत नाही." न गळणारी अर्धी टाकी बघून पैसे देऊ नका, एवढ्यासाठी हे लिहितोय. मला ज्याने टाकी विकली त्याने ती अर्धीच का भरली होती, हे टाकीच्या मागच्या काचेवरचं काळं पोस्टर सोलल्यावर दिसलं.

आधी हिशोब. पाण्याचा दाब खोलीवर ठरतो, टाकी किती लांब किंवा रुंद आहे त्यावर नाही. पृष्ठभागापाशी तो नगण्य असतो, तळाशी सगळ्यात जास्त. पाणी निम्म्यावर आणलं की तळाचा दाब निम्मा होतो आणि ज्या काचेवर तो पडतो ती काचही निम्मीच उरते. म्हणजे एकूण रेटा थेट चौथाईवर येतो. माझी टाकी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ४५ उंच. काठोकाठ भरली तर तिच्या एकेका लांब काचेवर सुमारे १२० किलो वजनाइतका रेटा येतो. अर्धी भरली तर जेमतेम ३० किलोचा. विकणाऱ्याकडे सबबही तयार असते. पूर्ण भरली तर रिकामी कोण करणार, एवढं पाणी वाया कशाला घालवायचं! ऐकायला पटतं, कारण या मापाच्या टाकीत २४० लिटर पाणी मावतं.

टाकी दिसायला लख्ख होती. सांध्यांमधलं सिलिकॉन पारदर्शक, नवंकोरं. जवळ गेल्यावर व्हिनेगरचा हलका वास आला. मी विचारलं तर म्हणाला, "क्षार काढायला व्हिनेगरच वापरतो दादा, केमिकल नाही." उत्तर चोख होतं, कारण काचेवरचे पांढरे क्षार काढायला व्हिनेगर खरंच वापरतात. पण काच धुतली की तो वास राहत नाही. टाक्यांना लावतात ते सिलिकॉन वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, आणि व्हिनेगरचा वास म्हणजे तेच ॲसिड. धुऊन-पुसून ठेवलेल्या टाकीच्या कोपऱ्यांतून असा वास येत असेल, तर समजा की सिलिकॉन नुकतंच फासलंय आणि अजून पुरतं वाळलेलंही नाही.

वरच्या कडांबद्दलही त्याने असंच सफाईने सांगितलं. "ही रिमलेस आहे, आता हीच चालते." खऱ्या रिमलेस टाकीला वरून आधाराच्या पट्ट्या नसतात. म्हणून तिची काच जाड घेतात आणि वरच्या कडा घासून पॉलिश केलेल्या असतात. ही काच ६ मिलिमीटरची होती आणि कडा नुसत्या कापलेल्या. घरी उजेडात बघितलं तर आतल्या बाजूने, वरच्या काठाच्या जरा खाली, दोन्ही लांब काचांवर जुन्या सिलिकॉनची धुरकट रेघ होती. तिथे आडव्या काचपट्ट्या होत्या, त्या कधीतरी फुटल्या किंवा निघाल्या आणि राहिलेलं त्याने ब्लेडने तासून टाकलं. पट्ट्या गेल्या की भरलेल्या टाकीची लांब काच मधोमध बाहेर फुगते आणि काचेवरचा आणि सांध्यांवरचा ताण वाढतो. एक सरळ पट्टी काचेला आडवी टेकवली की फुगवटा लगेच कळतो. मात्र टाकी भरलेली हवी, अर्ध्या टाकीत तो जाणवत नाही.

मासे सोडायच्या आधी घरी चाचणी घेतली. टाकी सपाट जागी ठेवली, खाली चहूबाजूंनी कोरडे कागद पसरले आणि थांबत थांबत पाणी चढवलं. निम्म्यापर्यंत सगळं कोरडं. दोन तृतीयांशाच्या वर पाणी गेलं आणि मागच्या डाव्या कोपऱ्याखालचा कागद गडद व्हायला लागला. धार वगैरे काही नाही, नुसता पाझर. पण कागदावरचा डाग बघता बघता पसरत होता.

टाकी रिकामी करून पोस्टर काढलं. एरवी असं पोस्टर चार ठिकाणी चिकटपट्टीने लावतात. हे सगळ्या अंगाने गोंद लावून डकवलेलं होतं, तेव्हाच शंका आली. खाली काचेच्या तळकडेला नखाएवढा टवका उडालेला, आणि तिथून तिरका वर गेलेला वीतभर तडा. तड्यात पारदर्शक गोंद भरला होता. असा गोंद भरला की फटीतली हवा जाते आणि तडा जवळजवळ दिसेनासा होतो. काचेची ताकद मात्र परत येत नाही. तड्याच्या एका टोकाला गोंद पोचला नव्हता आणि तिथे आत पांढरे क्षार धरले होते. मला पुरावा म्हणून हे पुरेसं होतं. ताज्या तड्यात क्षार नसतात, ते पाणी पाझरून वाळत राहिल्यावरच साठतात.

मग सिलिकॉनकडे वळलो. ब्लेडचं टोक घातलं तर नवा थर खपलीसारखा लांबच लांब सुटून आला. वाळलेल्या सिलिकॉनला नवं सिलिकॉन नीट धरत नाही, हे टाक्या बनवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. खालचं जुनं सिलिकॉन निघालं निळसर. मेथिलीन ब्लू हे माशांचं औषध सिलिकॉनमध्ये मुरतं आणि तो रंग जात नाही. आणि हा गृहस्थ मला छातीठोकपणे सांगत होता, "माझे मासे कधी आजारी पडलेच नाहीत." निळ्या रंगाने काही बिघडत नाही म्हणा. पण जिथे एक औषध वापरलं तिथे तांब्याचंही वापरलं असेल, आणि तांबं जुन्या टाकीत राहून गेलं तर गोगलगायी आणि कोळंबी तग धरत नाहीत.

फोन केला. "नेताना धक्का बसला असेल, माझ्याकडे तर गळत नव्हती." फोटो पाठवले, क्षार दाखवले, डकवलेल्या पोस्टरचं विचारलं. त्यानंतर नंबर लागेना.

दुरुस्तीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण "सिलिकॉन मारलं की झालं" या वाक्यावरच हा सगळा धंदा चालतो. टाकीत सिलिकॉन दोन जागी असतं. एक दोन काचांच्या मधला पातळ थर. टाकी उभी असते ती त्याच्यावर. दुसरी कोपऱ्यात आतून फिरवलेली गोलसर पट्टी, ती मधल्या थराला पाण्यापासून जपते. आतली पट्टी खराब असेल तर घरी बदलता येते. सगळी खरवडून काढायची, काच स्पिरिटने पुसायची, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून नवी पट्टी ओढायची आणि साय धरायच्या आत टेप काढायचा. गळणाऱ्या कोपऱ्यापुरतीच बदलली तर जुन्या-नव्याच्या जोडावर पुन्हा पाझरतं, म्हणून आतून पूर्ण फेरा बदलावा लागतो. बाथरूमसाठीचं बुरशीरोधक सिलिकॉन चालत नाही, त्यातली बुरशीनाशकं माशांना बाधतात. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत वाळत जातं, तेव्हा पाणी भरायला निदान आठवडाभर थांबा.

बाहेरून सांध्याकडे तिरपं बघितल्यावर मधल्या थरात चमकणारे बुडबुडे किंवा सुटलेले पट्टे सांध्याच्या आरपार पोचलेले दिसले, तर आतून कितीही लिंपा, उपयोग नाही. ती काच सोडवून पुन्हा बसवावी लागते. तड्याचंही तेच. आतून काचेचं ठिगळ लावून पाझर थांबवणारे आहेत, पण इतक्या उंचीच्या टाकीत मी ते करणार नाही, तडा ठिगळाखाली वाढत राहतो. मी मागची काच बदलून घेतली, वर दोन आडव्या पट्ट्या बसवल्या आणि आतलं सगळं सिलिकॉन नवं केलं. एवढं केल्यावर खर्च नव्या टाकीच्या आसपास गेला.

ओरखड्यांची मला फारशी पर्वा नाही. आतल्या बाजूचे असतील आणि नख अडकत नसेल तर पाणी भरल्यावर ते फारसे दिसत नाहीत. नख अडकत असेल तर घासून काढण्याच्या भानगडीत पडू नका, काच लाटांसारखी उंचसखल होते आणि मासे वेडेवाकडे दिसतात. वरच्या कडेचा छोटा टवकाही चालून जातो. सांध्यातला किंवा तळाच्या कोपऱ्यातला टवका मात्र दिसला की तिथूनच परत फिरा.

टाकी बघायला जाताना टॉर्च न्या आणि मागचं पोस्टर काढायला लावा. पोस्टर निघत नसेल तर आतून टॉर्च तिरपा धरून खालचे कोपरे बघा. पाणी काठापर्यंत भरून निदान एक रात्र ठेवायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी जा. पातळी किंचित उतरलेली दिसली तर लगेच गळती समजू नका, उघड्या टाकीतलं पाणी उडतंही. शेजारी एक भरलेली बादली ठेवायला सांगा, टाकीची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली तरच शंका घ्या. माझ्या विक्रेत्याला मी पूर्ण भरायला सांगितलं होतं. तो म्हणाला, "भरतो की, पण मग दुसरं गिऱ्हाईक आज संध्याकाळी येतंय."