एक्सेल फाइल तशीच छापायची की आधी पीडीएफ करायची?

खानापूर-निपाणीकडच्या पतसंस्थांचे हिशेब बघणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. घरी पानात नेमका बसलेला तक्ता बेळगावात झेरॉक्सच्या दुकानात छापला की मार्जिन सरकलेलं असतं. एक्सेल पानाची मांडणी निवडलेल्या प्रिंटरच्या ड्रायव्हरप्रमाणे, म्हणजे तो चालवणाऱ्या सॉफ्टवेअरप्रमाणे करतं, त्यामुळे प्रिंटर बदलला की मांडणी बदलते. फॅक्सही विंडोजला प्रिंटरच वाटतो. त्याच्या ड्रायव्हरमध्ये लेटर हा अमेरिकी मापाचा कागद असेल तर पान ए४पेक्षा सुमारे 18 मिमीने आखूड होतं आणि खालच्या ओळी पुढच्या पानावर जातात.

एक्सेल फाइल तशीच नेण्यात एक सोय नक्की आहे. आकडा चुकला तर तिथंच दुरुस्त होतो. शेवटच्या घटकेला फेरफार होणार असतील तर मीही मूळ फाइल पेनड्राइव्हवर ठेवतोच.

पण मला खरा त्रास दिला तो ‘शिल्लक’च्या कॉलमनं. आमच्या तक्त्याचं शीर्षक कन्नडमध्ये, खातेदारांची नावं मराठीत. दुकानातल्या कॉम्प्युटरवर आमचा फॉन्ट नव्हता. कॉलमची रुंदी फाइलच्या मूळ फॉन्टमधल्या अंकांवरून ठरते, त्यामुळे सगळे कॉलम थोडे थोडे फुगले आणि शेवटचा एकटाच दुसऱ्या पानावर गेला. एका कागदावर नावं, दुसऱ्यावर नुसत्या रकमा. कोणती रक्कम कुणाची, हे दोन्ही कागद शेजारी धरून ऑडिटरनं जुळवायचं? खातेदाराच्या पैशाचा कागद असा देणं मला पटत नाही.

पीडीएफमध्ये फॉन्ट फाइलबरोबरच जातो आणि कॉलम जागचा हलत नाही. मात्र ती करण्याआधी पेज लेआउटमध्ये कागद ए४ किंवा लीगल, जो लागणार तोच निवडा, रुंदी एक पान ठेवा, उंची ऑटोमॅटिक. दुकानात ‘फिट’ऐवजी ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ सांगा, नाहीतर पान आकसून मार्जिन पुन्हा वाढतं. कडेला सेंटिमीटरभर जागा सोडलेली बरी, कारण बहुतेक प्रिंटर अगदी कडेपर्यंत छापत नाहीत.

फॅक्स करायचा असेल तर तक्ता फार आकसू नका. साध्या फॅक्समध्ये इंचाला जेमतेम 98 ओळी उमटतात, बारीक आठ आणि तीन सारखेच दिसतात. पान आडवं करा, फॅक्सची ‘फाइन’ ही जास्त ओळींची सेटिंग निवडा.

ज्यांचा प्रिंटर घरचाच आणि कायम तोच, त्यांना कदाचित एवढा खटाटोप लागणार नाही. बाहेर छापणाऱ्यांनी मात्र पीडीएफच न्यावी, असं मला वाटतं.