अकारा की मोईमोई: एकाच चवळीचे दोन पदार्थ

नायजेरियाच्या स्वयंपाकात सोललेली चवळी वाटली की पुढे दोन वाटा फुटतात. घट्ट पीठ फेसून तेलात सोडलं तर अकारा, तेच पातळ करून पानात वाफवलं तर मोईमोई. पहिल्यांदा करणाऱ्याने निवड चवीवर करू नये, खाणारे कधी बसणार यावर करावी. अकारा कढईतून निघाल्यावर अर्ध्या तासात संपायला हवा. नंतर तो मऊ पडतो आणि तेलकट लागतो. मोईमोई मात्र थोडी निवल्यावरच नीट कापली जाते.

दोन्हींपैकी कुठलाही एक करायचा असला तरी 250 ग्रॅम काळ्या डोळ्याची पांढरी चवळी घ्या. खरं काम सालं काढण्याचं आहे आणि बहुतेक जण इथेच कंटाळतात. चवळी अर्धा तास भिजवून भरपूर पाण्यासह मिक्सरमध्ये दोन-दोन सेकंद तीन-चार वेळा फिरवा. दाणे फुटून सालं सुटतात. हाताने चोळा, वर तरंगणारी सालं पाण्याबरोबर ओतून टाका आणि पाणी स्वच्छ होईपर्यंत हेच करत राहा. मग डाळ आणखी दोन तास भिजवा. सालं राहिली तर अकारा जड होतो आणि मोईमोई रवाळ लागते. गुजराती किराणा दुकानात चोळा डाळ, म्हणजे सोललेल्या चवळीची डाळ, मिळाली तर हा सगळा खटाटोप वाचतो. उन्हाळ्यात रात्रभर भिजत ठेवू नका. डाळ आंबते आणि हे दोन्ही पदार्थ आंबवायचे नाहीत.

अकाऱ्याची सगळी मदार हवेवर आहे. त्यात सोडा पडत नाही. डाळ, अर्धा कांदा आणि मिरची जेमतेम 100 मिली पाण्यात वाटा. पाणी एकदम ओतू नका, पातं फिरेल इतकंच घालत जा. मग पीठ रुंद भांड्यात काढून लाकडी चमच्याने एकाच दिशेने पाच ते सात मिनिटं जोरात फेसा. रंग पांढरट होतो, पीठ फुगतं आणि थेंब पाण्यात टाकला तर तरंगतो. मीठ आणि बारीक चिरलेला उरलेला कांदा अगदी तळायच्या क्षणी घाला. आधी घातला तर कांद्याला पाणी सुटतं, पीठ सैल होतं आणि कोंडलेली हवा निघून जाते. अकारा चपटा होण्यामागे बहुतेकदा हेच कारण असतं. तयार कोरड्या पिठाचाही अकारा नीट फुलत नाही, कारण ते फार बारीक दळलेलं असतं.

तेल किमान पाच सेंटिमीटर खोल आणि साधारण 175 अंश तापलेलं हवं. थंड तेलात अकारा तेल पितो, फार तापलेल्या तेलात बाहेरून करपून आत कच्चा राहतो. एका बाजूने दोन-तीन मिनिटं झाली की उलटा. सोबत ओगी, म्हणजे आंबवलेल्या मक्याची पातळ पेज, किंवा पाव. घानात हाच पदार्थ कोसे नावाने मिळतो. गुलाम म्हणून नेलेल्या पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांबरोबर तो ब्राझीलच्या बाहियातही गेला. तिथे तो पाम तेलात तळतात आणि अकाराजे म्हणतात. तो विकणाऱ्या बायकांच्या व्यवसायाला ब्राझीलने 2005 मध्ये राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवलं.

मोईमोईत पाण्याचा हिशेब सांभाळावा लागतो. त्याच डाळीत दोन लाल सिमला मिरच्या, एक कांदा आणि तिखट मिरची घालून अगदी गुळगुळीत वाटा. नायजेरियात स्कॉच बोनेट मिरची वापरतात. आपली लवंगी तिखटपणा देते, त्या मिरचीचा फळासारखा वास देत नाही. त्यात 80 मिली तेल, दोन चमचे सुक्या जवळ्याची पूड, मीठ आणि कोमट पाणी घालून पीठ धिरड्याइतकं पातळ करा. जवळा वगळू नका, मोईमोईची चव त्यातच आहे. मधे उकडलेल्या अंड्याची फोड किंवा शिजलेल्या बांगड्याचा तुकडा ठेवतात.

नायजेरियात मोईमोई ज्या पानात वाफवतात ते आपल्याकडे मिळणार नाही. केळीचं पान आचेवर फिरवून मऊ करा, नाहीतर स्टीलच्या वाट्या दोन-तृतीयांश भरा. डाळ तळाशी बसते, म्हणून प्रत्येक वाटी भरण्याआधी पीठ ढवळा. मंद आचेवर 45 ते 60 मिनिटं वाफवा. भांड्यातलं पाणी आटलं तर उकळतंच घाला, गार पाण्याने वाफ तुटते. सुरी स्वच्छ निघाली की झाली. वीस मिनिटं निवू द्या, गरम कापली तर ढासळते. वर पाणी आणि खाली घट्ट थर दिसला, तर पीठ फार पातळ होतं.

चार जणांचा सकाळचा नाश्ता असेल आणि कढईपाशी उभं राहायची तयारी असेल, तर अकारा करा. बारा पाहुणे, डबा किंवा जोलोफ भाताबरोबर (पश्चिम आफ्रिकेतला टोमॅटोचा मसालेदार भात) वाढायचं असेल, तर मोईमोई. ती फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते आणि पुन्हा वाफवता येते. मनात अकारा होता पण वाटताना पाणी जास्त पडलं, तर बेसन घालून घट्ट करू नका. त्यात सिमला मिरची, जवळा आणि तेल घालून मोईमोई लावा.