एकटीने जेवायचं टेन्शन येत असेल तर ग्रनादाचा हा बार, साडेचार स्टार

सोलो ट्रिप म्हटलं की सगळे सेफ्टीचं विचारतात, पण मला खरी धाकधूक असते ती रात्रीच्या जेवणाची. दिवसभर एकटीने भटकायला मजा येते, कुणाची वाट बघायची नाही, कुणाला बाथरूम शोधून द्यायचं नाही, आणि मग रात्री रेस्टॉरंटच्या दारात "किती जण?" "एकच." आणि वेटर समोरचा दुसरा ग्लास नि काटे-चमचे उचलून नेतो, तो जो खण्णकन आवाज होतो ना तो माझ्या डोक्यात जातो. माद्रिदला हेच, सेव्हियाला हेच. दक्षिण स्पेनमधल्या ग्रनादात नाही झालं म्हणून हे लिहितेय.

बार आल्बायसिन या टेकडीवरच्या जुन्या वस्तीत आहे, प्लाझा लार्गापासून दोन मिनिटांवर. नाव मुद्दाम टाकत नाहीये, आत सहा स्टूल आहेत, त्यातलं एक एका आजोबांचं फिक्स आहे, उद्या तिथे रांग लागली तर ते मला शिव्या घालतील.

सकाळ अलहाम्ब्रात, म्हणजे सुलतानांच्या जुन्या किल्ला-राजवाड्यात गेली (तिथे ह कोणी म्हणतच नाही, अलाम्ब्रा). तिकीट ऑफिशियल साइटवरूनच काढा आणि बरंच आधी काढा. मी आळस केला, मग भलत्याच साइटवरून जवळजवळ दुप्पट पैसे मोजले आणि आदल्या रात्री अकरापर्यंत मेलच नाही, जीव नुसता टांगणीला. तिकिटावर नाव असतं, पासपोर्ट बघतात, आणि आतल्या नासरी घराण्याच्या राजवाड्यांची जी वेळ दिलीय ती चुकली की विषय संपला. सिंहांच्या चौकात 12 दगडी सिंह पाठीवर कारंजं घेऊन उभे आहेत, भोवती 124 खांब, मी चाळीसपर्यंत मोजले आणि सोडून दिलं. भिंतींवर एकच वाक्य जिथे तिथे कोरलंय, देवाशिवाय कोणी विजेता नाही, आणि 2 जानेवारी 1492 ला इथल्याच शेवटच्या सुलतानाने शहर इसाबेल आणि फर्नांदो या ख्रिश्चन राणी-राजाच्या ताब्यात दिलं. काय बोलणार.

खाली उतरल्यावर एक गंमत. ग्रनादा म्हणजे स्पॅनिशमध्ये डाळिंब, आणि हे एकदा कळलं की डाळिंबंच दिसायला लागतात, फुटपाथच्या कडेच्या लोखंडी खांबांच्या डोक्यावर डाळिंब, गटाराच्या झाकणावर डाळिंब. कॅथीड्रलपाशी बायका हातात रोझमेरीची काडी कोंबतात, ती घेऊ नका, घेतली की हात बघून भविष्य आणि मग पैसे.

संध्याकाळी आल्बायसिनचा चढ. सगळे रस्ते दगडगोट्यांचे, आणि माझ्या पायात गुळगुळीत तळाच्या चपला, म्हणजे झालंच. तिथे एक आजी भेटल्या, चाकांची भाजीची पिशवी घेऊन पायऱ्यांपाशी दम खात उभ्या. एका बाजूने मी उचलली, दुसरीकडून त्यांनी. माझं स्पॅनिश अ‍ॅपवर शिकलेलं आणि त्या शब्दाच्या शेवटचा स सरळ गिळतात, ग्रासियासचं (थँक्यू) ग्रासिया, त्यामुळे निम्मं डोक्यावरून गेलं. पण बोनिका कळलं, म्हणजे गोड पोरगी. बोनिता नाही, बोनिका, इथे लाडात आलं की सगळ्याला इको-इका लावतात. वाटेत त्यांनी एक विटांची कमान दाखवली, अल्हिबे, म्हणजे मुसलमानी राजवटीतली पाण्याची टाकी, नळ यायच्या आधी गल्ली इथूनच पाणी भरायची. वर पोचल्यावर मी पोटावर हात ठेवून "वेखेतारियाना" (शाकाहारी) म्हटलं, त्या हसल्या आणि बारकडे बोट दाखवलं. शटर अर्धं खाली. म्हणाल्या, साडेआठनंतर ये. (स्पेनमध्ये सहा-सात वाजता भूक लागली तर ती तुमची अडचण, किचन बंद असतं.)

तोवर सान निकोलासचा कट्टा, समोर अलहाम्ब्रा लाल होत जाते, गिटारवाले आहेत, गर्दी प्रचंड, बॅग पुढे घ्या. शेजारी 2003 साली उघडलेली मशीद आहे, तिची बाग सगळ्यांना खुली असते तेव्हा तिथे जा, व्ह्यू तोच आणि धक्के नाहीत.

आता मुख्य. ग्रनादात ड्रिंक घेतलं की तापा, म्हणजे खाण्याची छोटी प्लेट, फुकट येतो, स्पेनमध्ये बऱ्याच ठिकाणी त्याचे वेगळे पैसे पडतात. काय येणार ते किचन ठरवतं, दुसऱ्या ड्रिंकला वेगळं, तिसऱ्याला आणखी वेगळं. दारूच हवी असं काही नाही, मी मोस्तो घेतला, म्हणजे न आंबवलेला द्राक्षाचा रस, थंडगार. पहिली प्लेट आली ती ट्यूनाची! वेखेतारियाना सांगूनसुद्धा. बारवाल्या काकांना दाखवली तर म्हणे, ह्यात मांस कुठाय? अर्धा स्टार इथे गेला. शेवटी स्टूलवाले आजोबा मध्ये पडले आणि माझ्याकडून पाठ करून घेतलं, सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन, म्हणजे मांस नको, मासे नको, हॅम नको. खामोन वेगळं सांगायचं, काही जण हॅमला मांसात धरतच नाहीत.

मग आली वांगी. पातळ काप, पिठात घोळवून कुरकुरीत तळलेले, आणि वरून काळी उसाची... अहो काकवी! नाव मियेल दे कान्या, पण चव काकवीचीच. आजोबा म्हणाले खाली किनाऱ्यावर अरबांच्या काळापासून ऊस व्हायचा. ते सांगत होते आणि मी बोटं चाटत होते. तिसऱ्या मोस्तोबरोबर तोर्तिया, बटाटा-अंड्याची जाडजूड वडी, मी अंडं खाते त्यामुळे चाललं.

आणि समोर रिकामी खुर्ची नाही. काउंटरला टेकून उभं राहायचं, एका कोपराला आजोबा, दुसऱ्या कोपराला कोणीतरी प्लंबर मुलगा, एकटी आलीस का हे कोणी विचारलंसुद्धा नाही, तेही सगळे एकेकटेच आले होते. काका मात्र एकदाही हसले नाहीत, प्लेट आपटायची आणि वळायचं. मला वाटलं माझंच काही चुकलं, तर आजोबा म्हणे ही मालाफोया, ग्रनादाचा खास खडूसपणा, आम्हाला अभिमान आहे त्याचा. काका त्यावरही हसले नाहीत.

बिल काउंटरवरच खडूने, तीन मोस्तो साडेसात युरो, बेरीज केली आणि फडक्याने पुसून टाकली. कॅश ठेवा, कार्डचं मशीन आहे पण त्यावर पेपर पसरलेला असतो आणि पेपर आजोबा वाचत असतात. खाली उतरताना सी 31 ची छोटी बस पकडा, रात्री ते गोटे दिसत नाहीत. माझ्या चपला हॉस्टेलच्या कचऱ्याच्या डब्यात आहेत.