शिडाच्या बोटीची अनामत आणि पाण्याखालचा ओरखडा

उबदार किनाऱ्यालगत, मुलाबाळांसकट, मित्रांच्या कुटुंबाबरोबर शिडाची बोट आठवडाभर भाड्याने घेऊन फिरायचं, असा बेत बरेच जण आखतात. आम्हीही आखला. वारा चांगला मिळाला, मुलं सुकाणू धरायला शिकली, कोणाला साधं खरचटलंही नाही. फसवणूक झाली ती शेवटच्या सकाळी, बोट परत देताना. आणि ती इतक्या सराईतपणे झाली की आमच्या आधी कित्येकांबरोबर हेच झालं असणार याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे.

आधी अनामत रकमेची पद्धत सांगते. बोट आपल्यातल्याच कोणीतरी चालवायची या बोलीवर घेतली की भाड्याशिवाय मोठी अनामत द्यावी लागते. बोटीला विमा असतो, पण नुकसानीचा पहिला हिस्सा विमा कंपनी देत नाही. तो आपल्याकडून वसूल करता यावा म्हणून ही रक्कम. इथवर सगळं रास्त आहे. पण नुकसान झालं का, किती झालं आणि ते कोणी केलं, हे तिन्ही ठरवणारा माणूस एकच असतो, आणि पैसे आधीच त्याच्याकडे जाऊन बसलेले असतात.

बोट दुपारी ताब्यात मिळणार होती. साफसफाई चालू आहे, एक पंप बदलतोय, असं करत करत त्यांनी संध्याकाळ केली. सगळं सामान धक्क्यावर, मुलं भुकेली, आणि अंधार पडायच्या आत मरीनातून, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या छोट्या बंदरातून, बाहेर पडायची घाई. हा उशीर मुद्दाम केलेला होता असं आता मला वाटतं. आमच्यातल्या ज्या मित्राकडे बोट चालवायचा परवाना आहे, तो तरीही चिकाटीने यादीतली एकेक वस्तू पाहत गेला. शिडं उघडून पाहिली, इंजिन चालू करून पाहिलं, नांगराची साखळी पाहिली. मुलांच्या मापाची लाइफजॅकेटं नव्हती, ती मागवून घेतली. पाण्यावर दिसणाऱ्या प्रत्येक जुन्या ओरखड्याचा फोटो काढला. मग त्याने तळाबद्दल विचारलं. उत्तर आलं, ‘आमचा पाणबुड्या प्रत्येक गिऱ्हाइकानंतर तपासतो, आता अंधारात कोण उतरणार?’

ताबापत्रावर एक ओळ आधीच छापलेली होती: पाण्याखालचा भाग सुस्थितीत मिळाला. त्याखाली सही केल्याशिवाय किल्ली मिळत नव्हती. जो भाग आम्हाला पाहूच दिला नाही, तो चांगला असल्याचं आमच्याकडून लिहून घेतलं गेलं. एकदा ही सही झाली की पुढचं सगळं नुसतं नाटक.

परतीच्या सकाळी पाणबुड्या खाली गेला, लगेच वर आला आणि त्याने पाण्याखालच्या कॅमेऱ्यातला फोटो दाखवला. शिडाच्या बोटीच्या तळाला खाली एक जड पातं असतं. त्याला कील म्हणतात, आणि वाऱ्याने बोट कलंडू नये म्हणून ते असतं. त्या कीलच्या पुढच्या कडेला, अगदी तळाशी, हातभर ओरखडा होता. ‘तुम्ही खडकावर आदळलात,’ असं कचेरीतल्या माणसाने शांतपणे सांगितलं. बोट पाण्याबाहेर काढणं, घासणं, भरणं, रंगवणं, आणि तेवढे दिवस बुडालेलं भाडं, असा अंदाजपत्रकाचा कागद छापून तयारच होता. बेरीज अनामत रकमेच्या थोडी वर जात होती, आणि ‘वरचं आम्ही सोडून देतो’ असा उदारपणाही दाखवला गेला. विमानाची वेळ जवळ आलेली. सही नाही केली तर प्रकरण बंदर अधिकाऱ्यांकडे जाईल आणि आज निघता येणार नाही, हे मुलांसमोर सांगितलं गेलं. माझ्या धाकट्याने रडवेला होऊन विचारलं, ‘आपल्याला पकडणार का?’ पैशांपेक्षा त्या वाक्याचा राग माझ्या मनात जास्त आहे.

कील खडकावर आदळणं ही लपून राहणारी गोष्ट नाही. बोट पाच-सहा नॉट वेगाने, म्हणजे ताशी नऊ ते अकरा किलोमीटरने जात असेल आणि कित्येक टनांचा तो भार एकदम अडला, तर उभी माणसं पडतात, कपाटातली भांडी बाहेर येतात. आत कील जिथे बोल्टांनी जोडलेली असते तिथे तडे शोधतात. आमच्या मित्राने तिथल्या तिथे फरशीच्या फळ्या उचलून ती जागा दाखवली. कोरडी, एकही तडा नाही. त्याच्याकडे रोजची नोंदवही होती, प्रत्येक मुक्कामाच्या जागेची खोली लिहिलेली. कोणीही ती हातात घेतली नाही.

त्याच्या बायकोने मात्र एक काम केलं, आणि पुढे सगळं त्यावरच तरलं. फोटोची प्रत मिळणार नाही म्हटल्यावर तिने कॅमेऱ्याच्या पडद्याचेच जवळून फोटो काढून घेतले. सहीच्या जागी मित्राने मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘नुकसान मान्य नाही, हरकत नोंदवून सही.’

विमानतळावर ते फोटो मोठे करून पाहिले तर ओरखड्याच्या आत, खरवडलेल्या भागावरच, बार्नेकल बसलेले होते. खडकांना आणि जहाजांच्या तळाला चिकटणारे ते कठीण कवचाचे जीव. उबदार पाण्यात बुळबुळीत शेवाळी थर काही दिवसांतच धरतो, पण नखाएवढी बार्नेकल वाढायला कित्येक आठवडे लागतात. आमच्या ताब्यात बोट होती आठवडाभर. म्हणजे तो ओरखडा आमच्या आधी आलेल्यांच्याही आधीचा.

दुसरा पुरावा बोटीनेच दिला. बऱ्याच बोटींवर एआयएस नावाचं यंत्र असतं. ते बोटीचं नाव आणि ठिकाण रेडिओवरून सतत पाठवतं, आणि ते नकाशावर दाखवणाऱ्या सेवा कोणालाही पाहता येतात. ज्या बोटीला पाण्याबाहेर काढून दुरुस्त करायचं होतं, जिचं भाडं बुडणार होतं, ती दुसऱ्या दिवशी दुपारी नव्या गिऱ्हाइकांना घेऊन समुद्रात होती. आम्ही त्या नकाशाची तारखेसकट चित्रं जपून ठेवली.

पैसे क्रेडिट कार्डाने दिले होते, म्हणून भांडता आलं. इथे एक भेद नीट समजून घ्या. कार्डावर रक्कम नुसती अडवून ठेवणं वेगळं आणि ती प्रत्यक्ष वळती करणं वेगळं. अनामत अडवून ठेवलेली असेल तर ती घेण्यासाठी त्यांना पुढचं पाऊल उचलावं लागतं. आमच्याकडून ‘अडवतो’ म्हणून तोंडी सांगून ती पहिल्याच दिवशी वळती केली होती. पावतीवर कोणता शब्द आहे ते तिथेच वाचा. बँक खात्यातून पाठवलेले किंवा रोख दिलेले पैसे परत मिळवणं फारच कठीण जातं.

बँकेकडे हरकत नोंदवताना आम्ही लांबलचक तक्रार लिहिली नाही. बार्नेकलचा फोटो, नोंदवही, एआयएसची चित्रं आणि हरकतीसह सही असलेला कागद, एवढंच जोडलं. शिवाय कंपनीला तीन गोष्टी लेखी मागितल्या: दुरुस्तीचं खरं बिल, बोट पाण्याबाहेर काढल्याची तारीख आणि विमा कंपनीकडे नोंदवलेल्या दाव्याचा क्रमांक. एकाचंही उत्तर आलं नाही, आणि ते न येणंही आम्ही बँकेला कळवलं. काही महिने गेले, पण कीलच्या नावाखाली घेतलेली रक्कम परत जमा झाली. ‘संडासाचा पंप तुंबला’ म्हणून वेगळे कापलेले पैसे मात्र गेले ते गेलेच, कारण त्याचा आमच्याकडे कसलाच पुरावा नव्हता.

सही तुम्हीच केली होती ना, असं काही ओळखीच्यांनी ऐकवलं. मला हे पटत नाही. किल्ली रोखून घेतलेली सही आणि मुलांना भीती घालून घेतलेली सही, यांचा दोष सही करणाऱ्याच्या माथी मारायचा नसतो.

तुम्ही जाणार असाल तर बोट उजेडात ताब्यात घ्या, भले पहिली रात्र धक्क्यावरच काढावी लागो. उबदार, नितळ पाण्यात तळ पाहायला पाणबुड्या लागत नाही. मरीनातल्या पाण्यात उतरायला बहुधा मनाई असते, शिवाय ते गढूळ असतं, म्हणून काठीला बांधलेला जलरोधक कॅमेरा तिथल्या तिथे खाली सोडा. पहिल्या मुक्कामाच्या जागी इंजिन बंद करून पोहण्याचा चश्मा लावून उतरा, कील, सुकाणू आणि इंजिनाचा पंखा यांचं चित्रण करा, आणि ते त्याच दिवशी कंपनीला पाठवून द्या. ‘पाण्याखालचा भाग सुस्थितीत’ ही ओळ खोडून ‘पाहू दिला नाही’ असं लिहा. ती खोडायला जे नकार देतात त्यांच्याशी व्यवहार करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अनामत कमी करण्यासाठी वेगळा हप्ता भरायला सांगतात, त्यात काय धरलेलं नाही ते वाचा. बऱ्याचदा रबरी होडी, तिची मोटर आणि फाटलेली शिडं त्यात नसतात. कंपनीचाच स्किपर, म्हणजे बोट चालवणारा माणूस, घेत असाल, तर त्याच्या हातून झालेल्या नुकसानीला अनामत लागू नाही हे करारात लिहून घ्या. आणि परतीचं विमान बोट सोडण्याच्या सकाळचं घेऊ नका. आदल्या संध्याकाळी बोट परत आणली, तर पाणबुड्या पाण्यात उतरेल तेव्हा तुमच्याकडे वेळ असेल.

असा कागद ज्यांच्यापुढे आधीच सरकवला गेला आहे, त्यांनी आजच बँकेला फोन करावा. कार्डावरची हरकत नोंदवायला मुदत असते, बहुतेक वेळा 120 दिवसांच्या आसपास, आणि ‘आमची चौकशी चालू आहे’ असं सांगत कंपनी नेमकी तीच मुदत घालवत असते.